साठ हजार किलोमीटरची सर्व्हिस आणि कधीच न उघडलेला बोल्ट

जुलै २०२५. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी घराकडे चढणारी शेवटची शंभर मीटरची पाणंद. लाल माती, वर दोन दिवसांचा पाऊस. गाडीत आई-बाबा, बायको, दोन मुलं. निम्म्या चढावर पुढची चाकं जागेवरच गरगरायला लागली, चिखल पार काचेपर्यंत उडाला आणि गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. मागे उभा असलेला चुलतभाऊ ओरडला, "दादा, मागची चाकं हलतच नाहीत!"

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, ती खास या चढासाठी घेतलेली. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नव्हता. शेवटी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरने ओढून वर घेतली. त्याच गाडीच्या "कम्प्लीट फोर बाय फोर सर्व्हिस"चे ३६,८०० रुपये मी मे महिन्यात पुण्यात मोजले होते.

गाडी फोक्सवॅगन टिग्वान ऑलस्पेस, २०२०ची, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा ओल्या क्लचचा (म्हणजे क्लच तेलात बुडालेला) डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि फोरमोशन, म्हणजे फोक्सवॅगनची ऑल-व्हील-ड्राइव्ह. २०२३ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा ३६ हजार किलोमीटर झाले होते. गाडीत काही खोट नाही, आणि ही तक्रार गाडी बनवणाऱ्यांबद्दल नाही. ज्या खासगी गॅरेजमध्ये मी ती दिली, तिथे काय झालं तेवढंच सांगायचं आहे. नाव लिहीत नाही. असं गॅरेज एकच नाही, आणि मला तुम्हाला सावध करायचं आहे ते त्यांच्या पद्धतीपासून.

पद्धत कुठे चालते ते आधी समजून घ्या. साध्या पेट्रोल गाडीला बहुतेक वर्षी इंजिन ऑइल आणि फिल्टर, एवढ्यावर भागतं. टर्बो पेट्रोल, त्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि ओल्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असला की साठ हजार किलोमीटरच्या आसपास सगळं एकदम अंगावर येतं: इंजिन ऑइल, डीएसजीचं ऑइल, मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हॅलडेक्स कपलिंगचं ऑइल, ब्रेक ऑइल, स्पार्क प्लग. बिल सगळ्यात मोठं याच वेळी होतं. आणि या पाचातलं एकही काम गिऱ्हाइकाला गाडीत बसून कळत नाही. तेल बदललं काय, न बदललं काय, गाडी दुसऱ्या दिवशी तशीच धावते. बिघाड दिसतो सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि तोवर कुणाला पकडणार?

माझी वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे बाहेर दाखवायला हरकत नव्हती. ओळखीतल्या एकाने सांगितलं, "जर्मन गाड्यांचे स्पेशालिस्ट आहेत, कंपनीच्या निम्म्या पैशांत करतात." गेलो. स्वच्छ जागा, तीन लिफ्ट, भिंतीवर सर्टिफिकेटं, काउंटरवर नीट बोलणारा माणूस. सकाळी दहाला गाडी दिली. तो म्हणाला, "साहेब, इन्शुरन्समुळे कस्टमरला आत सोडत नाही. वर एसी लाउंज आहे, चहा घ्या." मी चहा घेत बसलो. साडेअकराला गाडी तयार.

दीड तास! तेव्हाच मला थांबायला हवं होतं. ओल्या क्लचच्या डीएसजीत तेलाची पातळी बघायची तर इंजिन चालू ठेवून, लॅपटॉप जोडून, तेलाचं तापमान साधारण ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना बघतात. मी अर्धा तास हायवेवरून चालवत आणलेली गाडी. गिअरबॉक्स निवायलाच तेवढा वेळ जातो. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त वाटलं, काय फास्ट काम करतात!

पैसे देताना विचारलं, "बिल?" तो म्हणाला, "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील. वॉरंटी तर नाहीच तुमच्या गाडीला, कशाला भुर्दंड?" आणि एस्टिमेट लिहिलेला छापील कागद हातात दिला. जीएसटी नंबर नाही, सही नाही. पैसे मी यूपीआयने दिले, तेही त्याने सांगितलेल्या एका पर्सनल नंबरवर. त्या अठरा टक्क्यांच्या मोहाने मी माझा पुरावा स्वतःच्या हाताने सोडून दिला. कृपा करून हे करू नका.

गावाहून परतताना आंबा घाटाने वर आलो आणि कोल्हापुरात एका मित्राच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. साठीचे गृहस्थ, एकच लिफ्ट, हाताखाली एक पोरगा. त्यांनी मला लिफ्टखाली बोलावलं आणि टॉर्च मागच्या डिफरन्शियलच्या पुढे असलेल्या कपलिंगवर मारली. तिथे तेल काढायचा आणि भरायचा असे दोन अॅलन बोल्ट असतात. बोल्टच्या डोक्यात चावी बसायची जी षट्कोनी खाच असते, ती वाळलेल्या मातीने गच्च भरली होती. नुसती वरून चिकटलेली नव्हे, दगडासारखी बसलेली. मिस्त्रींनी पोकर घेतला आणि कोरून कोरून ती माती काढली. माझ्या तळहातावर तिचा छोटा षट्कोनी खडा पडला.

"हे बघा साहेब," ते म्हणाले, "ह्याला चावीच लागली न्हाई. गाडी फॅक्टरीतनं निघाल्यापासनं लागली न्हाई."

मग बोल्ट सोडला. चहाच्या चार-पाच कपांएवढं काळं, करपट वासाचं तेल खाली आलं. एवढंच. मी खिशातून मे महिन्याचा एस्टिमेट काढला, त्यावर लिहिलं होतं: हॅलडेक्स ऑइल, २ लिटर. मिस्त्री तो कागद बघून हसलेही नाहीत. म्हणाले, "एक लिटरबी मावत न्हाई ह्यात. दुसरं लिटर कुठं ओतलं, इचारा त्यास्नी."

हे कपलिंग म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नुकसान कसं झालं ते कळेल. या गाड्यांमध्ये मागची चाकं कायम जोडलेली नसतात. एक छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाचा दाब तयार करतो, त्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि मग ताकद मागे जाते. चकत्या घासल्या की बारीक भुगा होतो, तो तेलात मिसळतो आणि पंपाच्या जाळीवर बसतो. तेल वेळेत बदललं नाही की जाळी तुंबते, पंप जीव तोडून ओढत राहतो आणि एक दिवस जळतो. जळाला की गाडी मुकाट्याने पुढच्या दोन चाकांवर चालायला लागते. कोरड्या सपाट रस्त्यावर तुम्हाला पत्ताही लागत नाही. माझ्या गाडीच्या पंपाची जाळी मिस्त्रींनी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर राखाडी मलमासारखा थर होता. बोटाने पुसल्यावर खाली जाळीची वीण दिसली. तेल दर तीन वर्षांनी बदलायचं, मग किलोमीटर कितीही असोत. कंपनीच्या वेळापत्रकात फक्त तेल बदलणं असतं, जाळी साफ करणं नसतं. पण पंप काढून जाळी धुवून घ्याच, तेवढी मजुरी द्या. पाच वर्षांत माझ्या गाडीत हे एकदाही झालं नव्हतं. पहिल्या मालकाच्या काळातली तीन वर्षं मी समजू शकतो. मे महिन्याचे पैसे मात्र मी दिले होते. पंप तेव्हा जिवंत होता का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. नवा पंप, तेल आणि मजुरी मिळून मला ४१ हजार लागले.

डीएसजीच्या बोल्टचीही तीच कथा. कागदावर ४ लिटर लिहिलेले. ओल्या क्लचच्या या गिअरबॉक्सला बदलताना पाच लिटरच्या वर तेल लागतं. म्हणजे खोटं लिहितानाही त्यांनी आकडा तपासला नव्हता. (इथे एक गोंधळ नेहमी होतो. लहान इंजिनांच्या गाड्यांत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी येतो, त्याच्या तेलाला असं वेळापत्रक नसतं. त्यामुळे "डीएसजीला तेल लागत नाही" असं सांगणारे भेटतात. ओल्या क्लचच्या या गिअरबॉक्सचं गिअरचं आणि क्लचचं तेल एकच असतं, ते खराब होतंच. माझ्या गाडीला साठ हजार किलोमीटरला बदलायचं.)

इंजिन ऑइल तेवढं त्यांनी बदललं होतं, पण फिल्टर जुनाच. त्याच्या कडेवरची छापील तारीख २०२४च्या सुरुवातीची होती. आणि तेल कुठलं? मला काउंटरवर सीलबंद कॅन दाखवला होता. तो माझ्यासमोर उघडला नाही, रिकामा कॅनही दिला नाही. बॅरलमधलं सुटं तेल असेल तर ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तोलून धरतो तेलाचा पातळ थर. त्या तेलाने उष्णतेत जळून काजळी धरली की टर्बो गेला. म्हणून कॅनवर ५डब्ल्यू-३० लिहिलंय एवढं बघून गप्प बसू नका. तो फक्त दाटपणा झाला. मागच्या बाजूला गाडी कंपनीच्या मंजुरीचा नंबर असतो, ५०४ ००, ५०८ ०० असा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच कॅनवर पाहिजे. "त्यापेक्षा भारी" म्हणून दुसरं कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. कंपनी १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासन्‌तास उभ्याउभ्या जळते, म्हणून मी आता १० हजारांना बदलतो.

पण मला खरा संताप आला तो ब्रेक ऑइलचा. १,८०० रुपये लावले होते. मिस्त्रींनी टेस्टरचं पेन बाटलीत बुडवलं आणि लाल दिवा लागला. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की त्याच तेलाचा मापदंड १५५ अंशांवर येतो. घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. हे कुठल्याही चारचाकीला लागू आहे. दर दोन वर्षांनी बदलायची, हजार-दोन हजारांची ही गोष्ट. तेवढ्यासाठी त्यांनी माझ्या आई-बाबांना आणि मुलांना त्या तेलावर आंबा घाट उतरायला पाठवलं. पंपाचे पैसे मी कधीतरी विसरेन, हे विसरणार नाही.

राहिलं "टर्बो क्लीनिंग", ३,५०० रुपये. पेट्रोलच्या टाकीत एक बाटली ओतली होती. टर्बोला जपायचं तर योग्य तेल वेळेवर घाला, आणि लांबून दामटून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा. बाटली विकत घेऊ नका.

पुण्याला आल्यावर गॅरेजला फोन केला. आधी "पोरगा विसरला असेल", मग "आणा, फुकटात करून देतो", आणि मी पैसे परत मागितल्यावर "पुरावा काय?" राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. लिफ्टखालचे फोटो, मिस्त्रींचं पक्कं बिल आणि यूपीआयची नोंद जोडली. तीन आठवड्यांनी १२ हजार परत आले, एका शब्दाच्या खुलाशाशिवाय. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज तयार करतोय. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे ज्यांना माझ्यासारखा अनुभव आलाय त्यांनी लक्षात ठेवा. माझ्याकडे पक्कं बिल असतं तर वकील मित्राने "जड जाईल" म्हटलं नसतं.

मेहुण्याचीही तशीच गाडी आहे, ५८ हजार झालेली. गेल्या महिन्यात ती सर्व्हिसला द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या खड्ड्यात उतरलो. हॅलडेक्सचे दोन, डीएसजीचा एक आणि चारही ब्रेकचे निपल (जिथून जुनं ब्रेक ऑइल काढतात), प्रत्येकावर बोल्टपासून बाहेरच्या धातूपर्यंत पिवळ्या पेंटची बारीक रेघ ओढली आणि फोटो काढले. कुठे किती लिटर लागतं ते पुस्तकातून कागदावर उतरवलं, आणि जॉब कार्डवर लिहून घेतलं: जुनं तेल, जुने फिल्टर आणि रिकामे कॅन परत हवेत. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा पैसे द्यायच्या आधी ती पुन्हा लिफ्टवर चढवायला लावली. हॅलडेक्सच्या आणि डीएसजीच्या रेघा तुटलेल्या होत्या. पुढच्या दोन ब्रेकच्याही. मागच्या दोन निपलवरची पिवळी रेघ जशीच्या तशी होती. मेहुण्याने फक्त बोट दाखवलं. सुपरवायझरने काही न बोलता पोराला हाक मारली, मागची दोन्ही चाकं उतरवली, आणि आम्ही शेजारी उभं राहून ते गढूळ तेल नळीतून बाटलीत उतरताना पाहिलं.