नव्या कॅम्पर ट्रेलरमधील बुरशी : पुसून काढावी की प्लाय बदलावा?

आमचा जेमतेम आठ महिन्यांचा कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे जोडून नेण्याचे छोटे फिरते घर) भाद्रपदातल्या पावसात छत्रपती संभाजीनगरच्या अंगणात ताडपत्रीखाली बंद राहिला. दार उघडताच कुबट वास आला आणि गादी उचलली तर खालच्या प्लायवर हिरवट-काळे ठिपके पसरलेले दिसले.

पुसून काढणे स्वस्त आहे. फायबर, लॅमिनेट यांसारख्या पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करणे पुरते. प्लायचे मात्र तसे नाही. तो सच्छिद्र असल्याने बुरशीचे तंतू आत शिरतात, ब्लीचमुळे वरचा डाग फिका पडतो, पण त्यातले पाणी लाकडात मुरून पुढच्या बुरशीलाच ओल पुरवते. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्लाय बदलणे खर्चिक आहे, आणि नव्या गाडीला करवत लावताना जीव तुटतो. तरीही स्क्रू ड्रायव्हरचे टोक लाकडात सहज रुतले किंवा थर सुटून फुगलेले दिसले, तर माझ्या मते दुसरा विचार करू नये. आमच्याकडे खिडकीखालचा हातभर तुकडा असाच निघाला, म्हणून तेवढाच बदलला आणि बाकीचा पुसून उन्हात वाळवला.

खिडकीच्या कडेचे सीलंट (फटीतून पाणी आत येऊ न देणारा थर) आधी दुरुस्त केले नसते, तर दोन्ही खर्च वाया गेले असते. आता आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवतो, आणि उघडीप मिळताच गादी उभी करून दोन्ही खिडक्या उघडतो.