आटे जुळले म्हणजे सेंडर जुळला असं नाही

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर टेम्परेचर सेंडर (इंजिनच्या पाण्याचं तापमान डॅशबोर्डवरच्या काट्याच्या गेजला कळवणारा पार्ट) मागितला की काउंटरवरचा माणूस जुना पार्ट हातात घेतो, आटे नव्याशी लावून बघतो आणि "सेम टू सेम आहे" म्हणत पुडी पुढे सरकवतो. गाडीत तो बसतोही. गिऱ्हाईक तिथेच फसलेलं असतं, कळतं मात्र घाटात.

सेंडर तापेल तसा त्याचा विजेला होणारा रोध (रेझिस्टन्स, ओहममध्ये मोजतात) कमी होतो, पण किती अंशाला किती ओहम हे गेजनुसार बदलतं. व्हीडीओ कंपनीच्या १२० अंशांपर्यंतच्या गेजचा नेहमीचा सेंडर ४० अंशाला साधारण २८७ ओहम दाखवतो, १०० ला ३८. ईसीयूसाठी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी) बनलेला सेन्सर मात्र १०० ला १८०च्या आसपास असतो. आटे जुळले म्हणून तो लावला, तर पाणी उकळत असतानाही काटा पन्नाशीतच. हेड गास्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेल्यावर मग चौकशा सुरू होतात.

कमी ओहमचा लागला तर उलटं. काटा लालमध्ये, आणि थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर एकामागून एक बदलले जातात.

सगळ्यात वाईट म्हणजे सेंडरच्या वायरीत रेझिस्टर (ठरावीक ओहमचा छोटा पार्ट) घुसवून वर काळी टेप गुंडाळणं. काटा मधोमध येतो, मालक खूश. पण ३० ओहम घातले की सेंडरचे १२० अंशाचे २२ अधिक ३० होतात ५२, आणि गेज ते ९० समजतो! कनेक्टरजवळची टेप सोडून बघाच.

तपासणी सोपी आहे. पातेल्यात पाणी उकळा, सेंडर तारेने असा लटकवा की तळाला टेकणार नाही आणि टर्मिनल कोरडं राहील, मग टर्मिनल आणि सेंडरच्या बॉडीत ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर लावा. मुंबईत पाणी १००लाच उकळतं, त्यामुळे थर्मामीटर नसला तरी १०० अंशाचा आकडा पक्का मिळतो. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा एकदम शून्यावर जात असेल, तर तो बहुधा सेंडर नव्हे, फॅनचा नाहीतर दिव्याचा स्विच आहे.

गेज तपासायला लॅमिंग्टन रोडवरून २७०, ६८, ३९ आणि २२ ओहमचे दोन वॉटचे रेझिस्टर आणा. सेंडरची वायर काढा, इग्निशन ऑन करा आणि वायर व इंजिनच्या बॉडीमध्ये एकेक धरा. काटा ४०, ८०, १००, १२०च्या जवळपास थांबला तर वर सांगितलेला व्हीडीओचा सेंडर चालेल. जुने गेज सुस्त असतात, मिनिटभर थांबा.

एका टर्मिनलच्या सेंडरला अर्थ (इंजिनच्या बॉडीशी विजेची जोडणी) आट्यांतूनच मिळते, तेव्हा टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका.

हे सगळं पार्ट बसवण्याआधी करा, कारण आट्यांना सीलंट लागलं की दुकानदार परत घेत नाही. आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या; नुसतं "टेम्प सेन्सर, १ नग" लिहिलेल्या बिलावर भांडायला काहीच हाती राहत नाही.