'झालं' म्हणजे नक्की काय? नव्या टीमबरोबर स्क्रमचे आठ महिने

गेल्या जूनमध्ये पणजीला पाटोवरच्या आमच्या ऑफिसात सात जणांची नवी टीम बसली. काम होतं गेस्टहाऊस आणि होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर. चौघं नवीन, त्यातले दोघं थेट कॉलेजातून आलेले. तोवर कामं व्हॉट्सॲप ग्रुपवर यायची आणि ज्याचा फोन शेवटी आला त्याचं काम आधी व्हायचं. मालकांनी स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत टीमने मिळून काम करायची पद्धत, करून बघूया म्हटलं आणि स्क्रम मास्टरची, म्हणजे टीमला ती पद्धत नीट पाळायला मदत करणाऱ्याची, जबाबदारी माझ्यावर आली. मी टीममध्ये कोडही लिहिते. दोन-दोन आठवड्यांचे सोळा स्प्रिंट (कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे) झाल्यावर हा अनुभव लिहिते आहे.

सुरुवात मी स्क्रम गाइड, म्हणजे या पद्धतीची नियमपुस्तिका, वाचून केली. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेलं, 2020 ची आवृत्ती जेमतेम 13 पानांची. एका बैठकीत वाचून होतं, त्यामुळे मला सगळं सोपं वाटलं. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणतं काम आधी करायचं हे ठरवणारी व्यक्ती, म्हणून आम्हाला एक ताई मिळाल्या, ज्यांनी कळंगुटच्या हॉटेलात बरीच वर्षं रिसेप्शन सांभाळलं होतं. ही आमच्या टीममधली सर्वांत चांगली निवड ठरली. कोणता बटण कुठे हवा यापेक्षा पाहुणा दारात उभा असताना काय लागतं, हे त्यांना माहीत होतं.

पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी कामांच्या बोर्डावर पाच कामं 'झालं'च्या रकान्यात होती. ताईंनी एकेक उघडायला सांगितलं. एक फक्त एका मुलाच्या लॅपटॉपवर चालत होतं. दुसऱ्याची चाचणी राहिली होती. तिसरं 'झालंच, फक्त मर्ज करायचंय', म्हणजे सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळायचं बाकी, असं होतं. खरोखर वापरता येईल असं एकच निघालं. कोणी खोटं बोललं नव्हतं. आपण 'झालंच' म्हणतो तेव्हा हातात थोडं काम उरलेलं असतं आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. घरात त्याने काही बिघडत नाही. टीममधला मडगावचा मुलगा 'जालें' म्हणायचा, डिचोलीची मुलगी 'झालं' म्हणायची, आणि प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा होता.

स्क्रममध्ये यासाठी 'डेफिनिशन ऑफ डन' आहे, म्हणजे काम 'झालं' कधी म्हणायचं याची ठरवलेली व्याख्या. आम्ही ती दुसऱ्या स्प्रिंटच्या आधी अख्खी दुपार बसून लिहिली आणि कार्डबोर्डावर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावली: दुसऱ्या माणसाने कोड वाचलेला, चाचण्या पास, टेस्ट सर्व्हरवर चढलेलं, आणि स्वस्तातल्या ॲन्ड्रॉइड फोनवर कमकुवत नेटवर्कमध्ये चालवून बघितलेलं. यात बसत नाही ते काम रिव्ह्यूत, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी काम दाखवायच्या बैठकीत, दाखवायचंही नाही, ते परत प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या क्रमवार यादीत, जातं. गाइडचा हा नियम आम्ही शब्दशः पाळला. दुसऱ्या स्प्रिंटला दाखवायला दोनच गोष्टी होत्या आणि मालक नाराज झाले. पण त्या दोन गोष्टींबद्दल नंतर एकही तक्रार आली नाही. नवीन टीम उभी करणाऱ्याला मी एकच सांगेन, बाकी सगळ्याच्या आधी ही दुपार काढा.

डेली स्क्रम, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, मात्र दीड महिना चुकीचा चालला, आणि ती चूक माझी. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न मी ओळीने विचारायचे. सगळे माझ्याकडे बघून उत्तरं द्यायचे, शाळेतल्या हजेरीसारखी. 2020 च्या आवृत्तीत हे तीन प्रश्न काढून टाकलेले आहेत हे मी वाचूनही सोडून दिलं होतं. मग मी बोर्डापासून लांब, मागे उभी राहू लागले. बोलायचं ते स्प्रिंट गोलबद्दल, म्हणजे त्या स्प्रिंटमध्ये काय साधायचं याबद्दल, एकमेकांशी. फोंड्याहून येणाऱ्यांची बस पावसात उशिरा पोचते म्हणून वेळ सव्वादहाची केली. आता पंधरा मिनिटं पुरून उरतात.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, स्प्रिंटला आमचं गणित चुकलं. गाइडमध्ये स्प्रिंट एक महिना किंवा कमी, एवढीच मर्यादा आहे, म्हणून स्प्रिंट आठवडाभर वाढवूया असं काहींचं म्हणणं होतं. सत्तरी, डिचोली, पेडण्याची मुलं पाच दिवस घरी जाणार हे सगळ्यांना माहीत असूनही प्लॅनिंगमध्ये आम्ही नेहमीइतकंच काम घेतलं होतं. शेवटी स्प्रिंटची लांबी तीच ठेवली आणि ताईंशी बोलून काम निम्मं केलं. पुढच्या वर्षी प्लॅनिंगच्या दिवशीच कॅलेंडर समोर ठेवणार. ख्रिसमसला ते केलं आणि नीट निभावलं.

रिव्ह्यूबद्दल भरभरून लिहावंसं वाटतं. चौथ्या स्प्रिंटपासून आम्ही खरे वापरणारे बोलवू लागलो: मांद्रेच्या एक होमस्टेवाल्या काकी आणि काणकोणचे एक गेस्टहाऊसवाले. आम्ही उत्साहाने महिन्याच्या कमाईचे रंगीत आलेख दाखवले. काकींनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "मोपावरून पाहुणो रात्री दोनला आयलो, नेट ना, मग हांव किदें करूं?" म्हणजे मोपा विमानतळावरून पाहुणा रात्री दोनला आला आणि नेट नसलं, तर मी काय करू? परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. काकी रात्री पासपोर्टची माहिती वहीत लिहून सकाळी पुन्हा टाइप करत होत्या. त्या एका प्रश्नाने बॅकलॉग वरखाली झाला. आलेख तळाला गेले आणि नेट नसताना नोंद करून नंतर आपोआप पाठवणारा स्क्रीन सर्वांत वर आला. आज आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त वापरला जातो तो हाच.

रेट्रो, म्हणजे स्प्रिंट कसा गेला आणि काय सुधारायचं हे बोलायची टीमची बैठक, सगळ्यात अवघड गेली. गोवा लहान, कोणाचा मामा कोणाच्या गावचा निघतो, त्यामुळे तोंडावर बोलणं जिवावर येतं. पहिल्या तीन रेट्रोंत 'सगळं बरं आहे' यापलीकडे काही निघालं नाही. मालकांना मी नम्रपणे सांगितलं की सर, तुम्ही रेट्रोला येऊ नका; त्यांनी ते मानलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. नंतर चिठ्ठ्या लिहायला लावल्या. सर्वांत नवीन मुलीची चिठ्ठी होती: 'माझा कोड शुक्रवारपर्यंत कोणी वाचत नाही.' आम्ही तेवढी एकच गोष्ट बदलली, जेवणाआधीचा तास कोड वाचायचा. एका रेट्रोतून एकच बदल, हे तेव्हापासून ठरलंय.

स्टोरी पॉइंट्स, म्हणजे काम किती मोठं आहे याचे अंदाजे आकडे, आम्ही सोडून दिले. कोणाचे किती झाले याची तुलना सुरू झाली आणि आकडे फुगू लागले. स्क्रम गाइडमध्ये ते नाहीतच, हे कळल्यावर सोडणं सोपं गेलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डिसेंबरच्या सीझनमध्ये ग्राहकांचे फोन दिवसभर चालू असतात आणि स्प्रिंट गोलचं लक्ष उडतं. सध्या आळीपाळीने एक जण फक्त फोन घेतो, आणि प्लॅनिंगमध्ये त्याला मोजत नाही. एवढ्याने भागलं नाही तर सपोर्टचं काम वेगळं काढून कानबान बोर्डावर, म्हणजे स्प्रिंटशिवाय जसं येईल तसं काम पुढे सरकवायच्या बोर्डावर, चालवायचा विचार आहे. काकींना पुढच्या रिव्ह्यूला बोलावलंय, त्या येतो म्हणाल्यात.