इंटरॅक्टिव्ह पॅनेल की डॉक्युमेंट कॅमेरा? वर्गात एकच घ्यायचं असेल तर

भिंतीवरचं मोठं टच पॅनेल घ्यावं, की साध्या प्रोजेक्टरला जोडलेला डॉक्युमेंट कॅमेरा (खाली ठेवलेली वही किंवा कागद पडद्यावर मोठा दाखवणारा), असा प्रश्न हल्ली बऱ्याच शिक्षकांसमोर येतो. मी गणित शिकवतो, दोन्ही वापरली आहेत आणि माझ्या वर्गापुरती निवडही केली आहे. पडद्याचा आकार, रिझोल्यूशन वगैरे माहितीपत्रकात मिळेलच. मी फक्त रोजच्या तासात काय होतं ते सांगतो.

आधी पॅनेल, कारण त्याची बाजू भक्कम आहे. बदलत जाणारी गोष्ट दाखवायची असली की ते फार उपयोगी पडतं. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढत न्यावा. तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशच. फळ्यावर कितीही त्रिकोण काढले तरी हे इतकं ठसत नाही. आमच्याकडे विज्ञान शिकवणाऱ्या बाई तर पॅनेल सोडायला तयार नाहीत. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, त्या वापरतात. विद्युत परिपथ जोडला की तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. खऱ्या बल्ब-बॅटरीच्या प्रयोगात ते दिसणं शक्यच नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त एक लक्षात घ्या: हे सगळं लॅपटॉप आणि प्रोजेक्टरवरही चालतं. पॅनेलमुळे बोटाने ओढायची सोय वाढते, आणि ती सोय एका वेळी एक-दोन मुलांच्याच वाट्याला येते.

माझा निर्णय झाला तो मात्र मुलांच्या वह्यांमुळे.

समजा, एखाद्या मुलीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलंय. अंशात अंश, छेदात छेद मिळवला. ही चूक अख्ख्या वर्गासमोर यायला हवी, आणि तीही त्याच मिनिटाला, कारण तसंच लिहिणारी आणखी मुलं त्याच वेळी बाकांवर बसलेली असतात. पॅनेलवर ते दाखवायचं तर मोबाइलने फोटो काढा, तो पाठवा, पॅनेलवर उघडा, आडवा आला तर फिरवा. तोवर पुढच्या बाकावर गप्पा सुरू झालेल्या असतात. कंटाळून मी ते उदाहरण स्वतःच पॅनेलवर लिहू लागलो, आणि नेमकं हवं ते त्यात हरवायचं. वहीतली खाडाखोड, आधी ५/६ लिहून नंतर खोडलेलं, समासातली आकडेमोड, म्हणजे मुलाने विचार कसा केला त्याचा सगळा माग माझ्या नीटनेटक्या अक्षरात पुसला जातो. मला ही अडचण रोज खटकायची.

कॅमेऱ्याखाली वही ठेवली की काम झालं. नावावर कागदाची पट्टी ठेवतो आणि मुलाला आधी विचारतो, एवढं पथ्य पाळतो. मग मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, “सर, २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे!” तिथून तास मुलंच पुढे नेतात. शिवाय मी टेबलाशी उभा, तोंड वर्गाकडे. पॅनेलवर लिहिताना पाठ वळवावी लागते.

कॅमेऱ्याचे त्रासही आहेत. गुळगुळीत कागदावर उजेड चमकतो, हात हलला की फोकस भरकटतो (तो लॉक करून ठेवावा), फिकट पेन्सिल दिसत नाही आणि प्रोजेक्टरसाठी खिडक्यांवर पडदे लागतात. उजेडाच्या खोलीत पॅनेल निश्चितच सरस.

टिकाऊपणाबद्दल थोडं. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांत बदलतात, आणि त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा मात्र कमीच आहे. पॅनेलसोबत येणारं सॉफ्टवेअर, खाती, अपडेट यांना हे जास्त लागू पडतं असं मला वाटतं. कॅमेऱ्यात जुनं व्हायला फारसं काही नाही.

तुम्ही प्रामुख्याने विज्ञान किंवा भूमिती शिकवत असाल आणि बिघाड झाल्यास धावून येणारं कोणी शाळेत असेल, तर पॅनेल घ्यायला माझी ना नाही. अंकगणित, बीजगणित, निबंध, शुद्धलेखन, म्हणजे जिथे मुलांचं लिहिलेलंच शिकवण्याचं साहित्य ठरतं, तिथे मी कॅमेराच सुचवेन. प्रोजेक्टर आधीपासून असेल तर खरेदीआधी मोबाइल एका स्टँडवर कॅमेरा खाली येईल असा बसवून, केबलने प्रोजेक्टरला जोडून आठवडाभर वह्या दाखवून पाहा. त्यात रोज दोन-तीन वह्या मोबाइलखाली जाऊ लागल्या, तर तुम्हाला काय हवंय ते कळेल.