सोळा पाकळ्या, तीन रंग: मंडल रंगवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी रात्री झोपण्यापूर्वी साधारण अर्धा तास मंडलाच्या, म्हणजे केंद्राभोवती वलयावलयांनी आखलेल्या गोल नक्षीच्या, छापील आकृत्या रंगवते आहे. या काळात दोन पुस्तके पूर्ण झाली, तिसरे निम्म्यावर आले आहे आणि एक मी पाचव्या पानानंतर सोडून दिले. या छंदाबद्दल मला सर्वाधिक शिकवले ते त्या सोडलेल्या पुस्तकाने, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

त्याचे मुखपृष्ठ देखणे होते. आतला कागद मात्र साध्या छपाईचा, म्हणजे सत्तर-ऐंशी जीएसएमचा (एका चौरस मीटरचे वजन इतके ग्रॅम) होता आणि आकृत्या पानाच्या दोन्ही बाजूंना छापलेल्या होत्या. पहिल्याच पानावर स्केचपेनची शाई फुटली, पाठीमागे उमटली आणि मागची आकृती हात लावण्यापूर्वीच वाया गेली. मग रंगीत पेन्सिली घेतल्या, तर कागद इतका गुळगुळीत की दुसरा थर चढेना. पेन्सिलीचा रंग कागदाच्या बारीक खरखरीतपणाला धरून बसतो. तो खरखरीतपणा मुळातच नसेल किंवा पहिल्या थरातच भरून गेला असेल, तर पुढचा रंग नुसता घसरतो. आता मी १२० ते १६० जीएसएमचा, किंचित खरखरीत आणि एकाच बाजूला छपाई असलेला कागद पाहूनच पुस्तक घेते. या छंदात खर्चाला हात सैल सोडायचा असेल तर तो कागदावर सोडावा. रंगांचे उलट आहे. हौसेने बहात्तर पेन्सिलींचा डबा आणला आणि रोजची पहिली दहा मिनिटे निवड करण्यातच जाऊ लागली. सध्या आठ पेन्सिली टेबलावर असतात आणि उरलेला डबा कपाटात असतो.

निवड कमी असण्यातच विश्रांती आहे, हे मला एका फसलेल्या पानामुळे कळले. सोळा पाकळ्यांच्या वलयात मी निळा, जांभळा आणि पोपटी असे तीन रंग क्रमाने भरत गेले. सोळाव्या पाकळीपाशी पोहोचले तेव्हा पाळी पुन्हा निळ्याची आली आणि शेजारची पहिली पाकळीही निळीच होती. सोळाला तीनने भाग जात नाही, हे शाळकरी गणित मी विसरले होते. तेव्हापासून रंगाला हात लावण्यापूर्वी पाकळ्या मोजते, दोन किंवा चार रंग ठरवते आणि मग पुढचा अर्धा तास काहीही ठरवावे लागत नाही. दिवसभर निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला याची गोडी वेगळी सांगायला नको.

या समजुतीला थोडा आधारही आहे. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर या संशोधकांनी ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी थोडे अस्वस्थ करून नंतर कोणाला मंडल, कोणाला चौकड्यांची नक्षी, तर कोणाला कोरा कागद रंगवायला दिला. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची अस्वस्थता जवळपास सारखीच उतरली आणि ती कोऱ्या कागदावाल्यांपेक्षा अधिक उतरली. म्हणजे श्रेय गोल आकाराच्या गूढतेपेक्षा आखीव रचनेचे असावे, असे मी त्यातून घेते. पुस्तकांच्या प्रस्तावनांत मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा दाखला हमखास असतो. परंतु युंग रोज सकाळी वहीत स्वतःचे वर्तुळ स्वतः काढत असत. दुसऱ्याने छापलेल्या रेषांत रंग भरणे हे त्याहून बरेच साधे काम आहे आणि मला ते साधे आहे म्हणूनच आवडते.

मात्र त्याला औषध समजू नये. घरात आजारपण होते त्या आठवड्यात मी नेमाने बसले, पण पेन्सिल इतकी दाबून चालवली की खालच्या पानावर वळ उठले. पुढे ते पान रंगवताना प्रत्येक वळ पांढऱ्या रेघेसारखा वर आला. मनगटही दोन दिवस दुखत होते. कडेच्या वलयातील ज्वारीएवढ्या खणांनी डोळ्यांवरही ताण येतो, त्यामुळे अतिबारीक आकृत्या मी आता रात्री उघडत नाही.

मेणाच्या पेन्सिलींनी गडद भरलेल्या भागांवर काही आठवड्यांनी पांढुरकी साय धरली, तेव्हा मी धास्तावले होते. पण ते वर आलेले मेणच होते आणि मऊ सुती कापडाने हलकेच पुसल्यावर निघून गेले. दुसरा त्रास तळहाताने रंग फासला जाण्याचा. त्यासाठी पुस्तक फिरवत राहावे आणि हाताखाली एक कागद ठेवावा. सोडून दिलेल्या त्या पुस्तकाची पाने मी याच कामासाठी एकेक करून फाडते. छटा आधी तपासून पाहायलाही ती बरी पडतात.