मूनफ्लॉवरच्या बिया मागवल्या होत्या, अनुभव लिहिते (५ पैकी साडेतीन)

मूनफ्लॉवर म्हणजे रात्री फुलणारी वेल. ऑनलाइन मागवलेलं १० बियांचं पाकीट, १४९ रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, एवढ्यासाठी कुठं भांडत बसायचं. पण पाकिटावरचा फोटो बघा ओ, निळी, जांभळी, गुलाबी मूनफ्लॉवर! खरं मूनफ्लॉवर पांढरंच असतं, मधे जरा हिरवट रेघा, बास. आत आठ बिया हरभऱ्याएवढ्या फिकट तपकिरी आणि दोन बारक्या काळ्या, तेव्हा मला काय कळलं नाही, त्या दोन मॉर्निंग ग्लोरीच्या निघाल्या, म्हणजे रात्रीची वेल मागवली आणि सकाळी फुलं बघायची पाळी आली. दीड स्टार इथंच गेला.

सूचनेत फक्त "भिजवून लावा" एवढंच. तीन बिया रात्रभर भिजवल्या, सकाळी खड्यासारख्या तशाच, लावल्या तरी आल्या नाहीत. साल लई टणक असतं हिचं. मग उरलेल्या पाचांना नेलकटरनं कडेला जरासा टवका काढला, आतलं पांढरं दिसेपर्यंतच, आणि परत भिजवल्या. सकाळी फुगून दुप्पट! पाचही उगवल्या, आठवड्याभरात. म्हणजे बी चांगलं आहे, सांगणारा नीट नाही.

लावायचं ते मृगात लावा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, गच्चीवर कोवळं रोप टिकत नाही, त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मी तर भांडी विसळलेलं पाणी साठवून घालते. कुंडी १५ इंची घ्या, नुसती काळी माती भरू नका, वाळली की दगड होते, शेणखत आणि कोकोपीट मिसळा. वेल सुतळीवरून डिशच्या पाइपवर चढली, तिथून शेजारच्यांच्या ग्रिलवर.

आणि माझा येडेपणा सांगते. दिरांनी शेतावरचा युरिया आणून दिला, मी चिमूट चिमूट घालत राहिले, तर ऑगस्टपर्यंत नुसती बदामाच्या आकाराची हिरवीगार पानं. सासूबाई म्हणायच्या, "काय करायलीस गं एवढा पाला वाढवून, म्हैस तरी आण." नत्र जास्त झालं की हिला पानंच सुटतात, आणि तसंही दिवस लहान व्हायला लागल्यावरच ही खरी बहरते. खत बंद केलं, गणपती गेल्यावर कळ्या दिसल्या.

पहिलं फूल नवरात्रात. संध्याकाळी सव्वासहाला कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार, मी गॅसवरची भाकरी उलटून आले तोवर कळी थरथरायला लागलेली, मग पीळ सुटला आणि एक-दोन मिनिटांत तळहाताएवढं फूल उघडलं, डोळ्यांदेखत! शेजारच्या आजी ब्रह्मकमळ बघायला यावं तशा हळदीकुंकू घेऊन आल्या. वास मंद आहे, रातराणीसारखा डोकं धरणारा नाही. आठ वाजता हा एवढा मोठा पतंग लांब सोंड घालून फुलावर, पोरगा घाबरून आत पळाला. सकाळी ऊन आलं की फूल ओल्या कागदासारखं लोळागोळा.

सासूबाईंचं मत वेगळं, "ना गजऱ्याला ना देवाला." खरंय, गजरा पाहिजे असेल तर जुईच लावा. आणि फुकटात हौस भागवायची असेल तर मधुमालतीची फांदी मागून आणा, संध्याकाळी पांढरी फुलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, आणि पाण्याचे नखरेही कमी.

लहान पोरं असतील तर बिया उंचावर ठेवा, खायच्या नसतात. माझ्याकडं आता वाळलेल्या बोंडांच्या वाटीभर बिया आहेत, पुढच्या मृगासाठी. पाकीट परत मागवणार नाही.