वाढत जाणारी फट: पुण्यातील एका बाल-न्यूरोसर्जरी विभागाचा अनुभव

आमच्या नातीच्या कवटीवर पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या बाल-न्यूरोसर्जरी विभागात शस्त्रक्रिया झाली, त्याला आता वर्ष होत आले आहे. या लेखात ज्या दोन रुग्णालयांचा उल्लेख आहे, त्यांपैकी एकाविषयी माझी तक्रार असल्याने दोघांचीही नावे देणे मी टाळले आहे.

नात नऊ महिन्यांची असताना झोळीची दोरी सुटून ती फरशीवर पडली. पहिल्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, उजव्या कानाच्या वरच्या हाडाला तडा गेल्याचे दिसले, एक रात्र देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडण्यात आले. लहान मुलांचा असा तडा बहुधा आपोआप भरून येतो, त्यामुळे घरी सोडण्यात काही चूक झाली असे मी म्हणणार नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘गरज वाटल्यास दाखवावे’ एवढेच लिहिले होते. गरज कशी ओळखायची हे त्यात नव्हते आणि फेरतपासणीची तारीखही नव्हती.

चार महिन्यांनी टाळूवर तेल घालताना माझ्या पत्नीची बोटे त्याच जागी थबकली. तिथे लिंबाएवढा मऊ फुगवटा हाताला लागत होता, मूल रडू लागले की तो टणक होई आणि निजलेले असताना त्यात नाडीसारखी धडधड जाणवे. साकळलेले रक्त असेल, सुईने काढून टाका, असा सल्ला एका परिचिताने दिला. तो मानला नाही, हे आमचे नशीब.

दुसऱ्या रुग्णालयातील सर्जननी अहवाल बाजूला ठेवून आधी मुलीला आईच्या मांडीवर बसवले, फुगवटा ती शांत असताना आणि रडताना दोन्ही वेळा चाचपला, हाडाच्या कडेवरून बोट फिरवले आणि मग केस पेपरच्या मागे चित्र काढून समजावले. याला ग्रोइंग स्कल फ्रॅक्चर म्हणतात. हाडासोबत मेंदूवरचे जाड आवरण, म्हणजे ड्युरा, फाटलेला असला तर मेंदूभोवतीचे पाणी त्या फटीतून बाहेर येऊन साचते, आणि वाढत्या मेंदूचा प्रत्येक ठोका हाडाच्या कडा झिजवत फट रुंद करत जातो. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या वर्षात ४६च्या आसपास पोहोचतो, म्हणूनच हा आजार मुख्यतः तीन वर्षांखालील मुलांत दिसतो. कवटीला तडा गेलेल्या शंभर मुलांत एखाद्यालाही तो क्वचितच होतो, तरी जॉन हाउशिप या इंग्लिश सर्जनने १८१६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. उपचार लांबला तर फिट येणे किंवा एका बाजूचे हातपाय कमजोर होणे संभवते.

ड्युराची फाट हाडाच्या फटीपेक्षा नेहमी मोठी असते, म्हणून आजूबाजूचे चांगले हाडही उचलावे लागेल, हे त्यांनी आधीच सांगितले होते. कवटीवरच्याच पातळ पडद्याचे ठिगळ ड्युराला लावून वरची पोकळी तिच्याच हाडाने बुजवली. मला सर्वांत भावली ती वॉर्डमधील सिस्टर. अंगावरचे दूध शस्त्रक्रियेच्या चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, हे तिने घड्याळाच्या वेळा घालून मराठीत कागदावर लिहिले आणि पहाटे शेवटच्या दुधासाठी सूनबाईंना स्वतः उठवले.

उणिवाही आहेत. संमतिपत्र केवळ इंग्रजीत होते आणि ते रात्री दहाला सहीसाठी समोर आले. निवासी डॉक्टरांनी ते वाचून अर्थ सांगितला, पण ते त्यांचे सौजन्य होते, रुग्णालयाची व्यवस्था नव्हे. बिलिंग काउंटरवर डिस्चार्जच्या दिवशी पाच तास गेले, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

इथल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र पुढच्या चार तपासण्यांच्या तारखा आहेत, आणि फुगवटा, फिट, उलट्या किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव दिसल्यास थेट वॉर्डला फोन करा, अशी सूचना क्रमांकासह आहे. प्रत्येक भेटीत टेपने डोक्याचा घेर मोजून ती नोंद त्याच कार्डावर करतात. मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला आहे तो संमतिपत्रासाठी.